धुक्यातली हळद

लग्नाच्या फोटोंत बर्फ हवा, ही मागणी आता सांगली-साताऱ्याकडूनही येऊ लागली आहे. त्यात नवल काही नाही. १९६१च्या ‘जंगली’त शम्मी कपूर काश्मीरच्या बर्फात लोळला, पुढे यश चोप्रांनी स्वित्झर्लंडच्या डोंगरात नायिकांना शिफॉनच्या साड्या नेसवून उभं केलं, आणि बर्फ दिसला की प्रेम आलंच हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं. इंटरलाकेनमध्ये चोप्रांचा पुतळा आहे, तो उगाच नाही. ज्यांना परवडतं ती जोडपी लग्नाआधी गुलमर्ग-मनालीला जाऊन फोटो काढून येतात. ज्यांना सवड नसते ती फोटोग्राफरला विचारतात, “जवळपास कुठं मिळंल का?”

तासगावच्या नवरीनं मला फोनवर हेच विचारलं. घर द्राक्षबागायतदाराचं, लग्न डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातलं. ऑक्टोबर छाटणी होऊन घडांत मणी फुगायच्या दिवसांत या घरातलं कुणी आठवडाभर काश्मीरला जाईल, ही गोष्टच अशक्य. मी तिला महाबळेश्वर सुचवलं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात एका पहाटे वेण्णा तलावावर भेटायचं ठरलं, आणि तिथूनच आमचा तासगावपर्यंतचा प्रवास सुरू झाला.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार फुटांवर आहे. इथं बर्फ पडत नाही. पडतं ते दव, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या पहाटे वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागात ते गोठतं. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला की जमीन आपली ऊब रात्रभर सोडून देते. थंड हवा जड, ती सखलात येऊन बसते. मग हवेचं तापमान चार-पाच अंश असलं तरी गवताचं पातं, गाडीचं टप, जेटीच्या फळ्या शून्याखाली जातात. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत ‘महाबळेश्वरात हिमकण’ म्हणून जो फोटो येतो, तो बहुधा इथलाच असतो.

आम्ही पोचलो तेव्हा अजून तांबडं फुटायचं होतं. जोडप्याबरोबर नवरीची धाकटी बहीण आणि मामा आले होते. मामांनी कानाला मफलर गुंडाळली होती आणि हात काखेतून बाहेर काढायला ते तयार नव्हते. जीपच्या टपावर पांढरा थर दिसला तशी मात्र त्यांनी नखानं थोडा खरवडला, भाचीच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “घे. काश्मीर.”

असल्या पहाटे कॅमेऱ्याचं एक तंत्र सांभाळावं लागतं. बॅटऱ्या पिशवीत न ठेवता अंगातल्या खिशात ठेवायच्या, कारण थंडीत लिथियमची बॅटरी लवकर दम सोडते. समोर पांढरं जास्त असलं की कॅमेऱ्याचा मीटर बावचळतो. त्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटत असतं, म्हणून पांढऱ्यालाही तो करडं करून टाकतो. तेव्हा उजेड आपण होऊन एक-दीड स्टॉप वाढवायचा. एवढं केलं की बाकीचं सूर्य ठरवतो. तो डोंगराआडून वर आला की हिमकणांचं आयुष्य फार तर पंधरा-वीस मिनिटांचं. नवरीचा पांढरा घोळदार गाऊन, नवऱ्याचा काळा कोट, मागं तलावावर तरंगणारी वाफ, सगळं त्या वेळात बसवायचं.

ते चालू असताना शेजारच्या शेतात एक जण स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरचं आच्छादन उचलून पाहत होता. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, देशातली बहुतेक स्ट्रॉबेरी याच पट्ट्यातली. आमच्याकडे पाहून तो म्हणाला, “तुमच्या फोटूला झ्याक हाय. आमची पानं करपत्यात.”

नवरीनं गाऊनचा घोळ दोन्ही हातांनी उचलला आणि बांध ओलांडून थेट वाफ्यात गेली. उकिडवी बसली, एक पान उलटं करून पाहिलं. “काय फवारताय?” इथून जी चर्चा सुरू झाली ती उन्हं अंगावर येईपर्यंत संपली नाही. नवरा जेटीवर कोटाची बटणं लावत उभा. मी वाफ्याशेजारी बसून फोटो घेत राहिलो. पांढऱ्या गाऊनच्या काठाला लाल माती लागलेली, पायांत स्पोर्ट्स शूज, हातात करपलेलं पान, आणि समोर टोपी मागं सारून बोलणारा शेतकरी. वेण्णा तलावावर जोडप्यांचे फोटो मी पुष्कळ काढले आहेत. त्यांतून हा कुणाचा म्हणून वेगळा ओळखता येतो.

महाबळेश्वरहून केळघर घाट उतरून मेढ्यामार्गे साताऱ्यात आलं की थंडी मागं राहते. हायवेनं कऱ्हाड गाठायचं आणि पूर्वेला वळायचं. वळल्यावर लगेच ओगलेवाडी लागते. कऱ्हाडचं रेल्वे स्टेशन इथंच आहे, आणि ‘प्रभाकर’ कंदील बनवणारा ओगल्यांचा काच कारखानाही इथलाच होता. आमच्या धंद्यातल्या माणसानं या गावावरून जाताना मनातल्या मनात हात जोडावेत. खेड्यापाड्यांत वीज यायच्या आधीच्या पिढ्यांची लग्नं कंदिलाच्या आणि गॅसबत्तीच्या उजेडात लागली. आता आम्ही एका हॉलमध्ये एवढे एलईडी लावतो की नवरा-नवरीला समोरची माणसं दिसत नाहीत.

पुढं कडेगाव, मग विटा. पूर्वी हा रस्ता म्हणजे कुसळांचं माळरान. कृष्णेचं पाणी उचलून टेंभू योजनेनं ते या बाजूला आणलं आणि रस्त्याच्या कडेला ऊस, द्राक्ष दिसू लागली. पण पाणी येण्याआधी इथल्या माणसांनी पोट भरायला दुसरी वाट काढली होती, ती गलाईची. सराफांच्या दुकानांतलं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं, पेढीवर झाडलेल्या धुळीतूनसुद्धा सोन्याचा कण शोधायचा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतली पोरं या कामासाठी देशभर पांगली. आज असं मोठं शहर क्वचितच सापडेल, जिथल्या सराफ कट्ट्यात विट्याकडचा माणूस नाही. श्रीनगरलाही ही मंडळी आहेत, आणि तिथं गणपतीही बसवतात. आमचा नवरदेव अशाच घरातला. चुलते श्रीनगरात, आत्या कुठं पंजाबात, आणि लग्न मात्र गावाकडं. गलाईवाल्यांचा हा रिवाज पक्का आहे. बंगला परगावी झाला तरी अक्षता गावातच पडल्या पाहिजेत.

तासगावात शिरताना पहिल्यांदा दिसतं ते गणपती मंदिराचं गोपुर. पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन कर्नाटकाच्या स्वाऱ्यांवर गेले, दक्षिणेतली देवळं त्यांनी पाहिली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या गावात उजव्या सोंडेच्या गणपतीसमोर सात मजली गोपुर उभं केलं. महाराष्ट्रात असं गोपुर विरळा. भाद्रपदात ऋषिपंचमीला इथला रथ हजारो माणसं दोरांनी ओढतात. लग्न ठरलं की पहिली पत्रिका याच गणपतीला जाते. लग्नाच्या आदल्या दिवशी तासगावात पोचल्यावर आम्हीही आधी दर्शन घेतलं. संध्याकाळ होत होती, गोपुराच्या वरच्या मजल्यांवर ऊन होतं आणि खालच्या दोन मजल्यांवर थंडी उतरायला लागली होती.

नवरीचं घर गावाबाहेर, सावळजकडं जाणाऱ्या रस्त्यालगत मळ्यात. दाराशी मांडव, मांडवाला लागून द्राक्षाची बाग. दुपारी मांडवडहाळे आले होते, त्यांतल्या आंब्याच्या पानांचा वास अजून येत होता. ओटीवर चुडा भरायचं चाललं होतं. जवळ जाऊन पाहावं अशी ती गोष्ट होती. कासारीण चटईवर बसलेली, शेजारी गरम पाण्याचं पातेलं. थंडीनं हात आखडतो, गाठी ताठ होतात आणि हिरवी काच तडकते. म्हणून ती नवरीचा हात आधी पाण्यात बुडवायची, दोन्ही हातांत धरून चोळायची, अंगठ्याचं मूळ तळहातात दाबून हात निमुळता करायची आणि बांगडी एका लयीत वर सरकवायची. “सोड गं हात, सैल सोड,” एवढंच तिचं म्हणणं. पाण्याची वाफ बल्बच्या उजेडात दोघींच्या मधून वर चढत होती. मी फ्लॅश पिशवीतून काढलाच नाही. समोरून झोत मारला असता तर वाफ पार नाहीशी झाली असती. दिवा मागं, पार्श्वभूमी काळोखी, असं साधलं तरच वाफ फोटोत येते.

डिसेंबरच्या या दिवसांत लग्नांची एवढी गर्दी का, तेही तिथंच कळलं. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. डिसेंबरच्या मध्याला सूर्य धनु राशीत गेला की धनुर्मास लागतो, आणि जुन्या वळणाची घरं संक्रांतीपर्यंत थांबतात. मधल्या जेमतेम महिनाभरात सगळ्यांनाच तिथी हवी असते. नेमका हाच महिना बागेच्या काळजीचा.

ही काळजी रात्री डोळ्यांनी पाहिली. जेवणं उरकली, हलगीवाले शेकोटीवर हलग्या तापवत बसले होते, आणि नवरीचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणतात, बॅटरी घेऊन बागेत निघाले. मीही मागून गेलो. आत गेलं की हवा एकदम गार लागायची. तात्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि बॅटरीच्या उजेडात धरलं. बोट ओलं होतं.

“पडलं,” ते म्हणाले.

पान रात्रभर ओलं राहिलं की डाऊनी येतो, इकडं त्याला केवडाही म्हणतात. पारा दहाच्या खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते. धुकं सकाळी नऊपर्यंत हटलं नाही की दोन्ही संकटं एकदम. तात्या हे कुणाकडं तक्रार करावी तसं सांगत नव्हते, हिशेब सांगावा तसं सांगत होते. त्यांच्या बागेतला वेल ‘तास-ए-गणेश’ जातीचा. थॉम्पसन सीडलेसमधून ही जात निवडली ती याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे या शेतकऱ्यानं. नावात तासगाव आणि गणपती दोन्ही आले. “पाचला ब्लोअर फिरवतो,” तात्या म्हणाले. “हळद सातला हाय न्हवं? तंवर येतो की.”

मी विचारलं, “तात्या, आजच्या दिवस दुसऱ्या कुणाला सांगितलं तर?”

“लगीन एका दिवसाचं असतंय,” ते म्हणाले, “बाग साऱ्या वर्साची. आन् ह्या लग्नाचं पैसं तरी कुणी दिलं? हिनंच की.” आणि शेजारच्या वेलावर थाप मारली.

पहाटे पाचला ट्रॅक्टरच्या आवाजानंच जाग आली. बाहेर आलो तर दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मांडव होता, पण त्याचे खांब जवळ गेल्यावर एकेक करून उगवत होते. तासगावची थंडी काही हाडं गोठवणारी नाही. ती ओली असते. स्वेटरवर बारीक थेंब जमतात, लेन्सच्या काचेवर दव बसतं आणि दर थोड्या वेळानं सुती फडक्यानं पुसावं लागतं. माजघरात चूल पेटलेली, भाताची वाफ कोंडलेली. बाहेरून गार झालेला कॅमेरा तसाच आत नेला तर काच आतून-बाहेरून पांढरी होते. त्याला उपाय साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा. दाराबाहेरच कॅमेरा पिशवीत घालून तोंड बांधायचं, आत जाऊन तो घरासारखा उबदार होईपर्यंत थांबायचं, मग उघडायचं. दव पिशवीवर बसतं, कॅमेऱ्यावर नाही. फोटोग्राफीच्या पुस्तकांत हिमप्रदेशासाठी म्हणून दिलेला हा उपाय तासगावच्या स्वयंपाकघराला तंतोतंत लागू पडतो.

परसात तांब्याचा बंब पेटला होता. जळण म्हणून छाटणीत निघालेल्या द्राक्षाच्या काड्या. त्यांचा धूर धुक्यात मिसळत होता. जात्याला हळदीचं बोट लागलं, बायकांनी ओव्या म्हटल्या. हळदीची मोठी पेठ सांगली, त्यामुळं इथं हळद पुडीतून येत नाही, घरच्या डब्यातून येते. तिचा रंगही जास्त गडद. अंगणात चार कोपऱ्यांना चार तांबे ठेवून त्यांना सूत गुंडाळलं होतं, मध्ये पाटावर नवरी. सगळं जग पांढरं आणि मधोमध तेवढाच पिवळा रंग. धुकं मागची पत्र्याची शेड, उभी मोटारसायकल, पाण्याची टाकी असलं सगळं पुसून टाकतं. उरतात फक्त माणसं. स्टुडिओत हे साधायला आम्ही पडदे लावतो.

करवल्या हळद लावत होत्या आणि नवरी थंडीनं कुडकुडत होती. “आई, पाणी आण की लवकर!” गरम पाण्याचा पहिला तांब्या खांद्यावर पडला आणि तिच्या अंगातूनच वाफ निघाली. तिनं डोळे मिटून जो सुस्कारा टाकला तो हळदीच्या कुठल्याही ठरवून काढलेल्या फोटोत मिळत नाही. तेवढ्यात तात्या आले. अंगावर फवारणीचा वास, गालांवर मास्कच्या पट्ट्यांचे वळ, हात कोपरापर्यंत धुतलेले. ते पोरीला हळद लावायला वाकले आणि सवयीनं आधी वर आभाळाकडं पाहिलं. मी ते दोन्ही एकाच चौकटीत धरलं. फोटोत थंडी दाखवायची म्हणजे काय, याचं उत्तर मला त्या चौकटीत मिळालं. वर पाहणाऱ्या त्या नजरेत आख्खा डिसेंबर होता.

धुकं साडेनऊच्या सुमाराला उठलं. वऱ्हाड त्याआधीच जानवशाला उतरलं होतं. श्रीनगरचे चुलते पायघोळ फेरन घालून आले होते आणि तरीही गारठले होते. लोक त्यांची थट्टा करू लागले. “काय ओ, बर्फातनं आलाय आन् हितं थंडी वाजती?” चुलत्यांचं म्हणणं सरळ होतं. काश्मीरमध्ये थंडी बाहेर असते. घरात बुखारी पेटलेली, दारं-खिडक्या बंद, फेरनच्या आत कांगडी. “हिकडं तुम्ही दारं सताड उघडी टाकून बसताय. घरात न् रानात काय फरक?” त्यांनी येताना एक कांगडी आणली होती. वेताच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं, आत निखारे. तासाभरात ती त्यांच्या हातून नवरीच्या आजीकडं गेली. आजीनं बंबाखालचे निखारे तिच्यात घालून घेतले, शाल वरून ओढली आणि दिवसभर ती कुणाला दिली नाही. काश्मिरी कांगडी, तासगावच्या काड्यांचे निखारे आणि आजीच्या नाकातली नथ, हे तिन्ही एका फोटोत आलं. गलाईवाल्यांचा आख्खा इतिहास त्या एका फोटोवरून सांगता येईल.

अक्षता गोरज मुहूर्तावर, तासगावातल्या कार्यालयात. तो भाग सगळीकडं असतो तसाच झाला. अंतरपाट, मंगलाष्टका, मामांचा फेटा सुटणं, बँजो पार्टीचा दणका, ड्रोनची घरघर. हॉलमध्ये माणसांची ऊब एवढी की फेरनसुद्धा उतरला. तिथं कॅमेऱ्याला काही कठीण नव्हतं, म्हणून सांगण्यासारखंही फारसं नाही. पंगतीला बुंदी होती आणि जेवणाऱ्यांत निम्मे बागायतदार. बोलणं चालू होतं ते रात्री दव किती पडेल याचंच.

पुढं अल्बम करायला बसलो तेव्हा नवरीनं वेण्णा तलावावरचे जेटीचे फोटो दोन पानांत बसवले. मुखपृष्ठाला तिनं हळदीचा फोटो घेतला, तात्या वर पाहतायत तो. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यातलाही घेतला, आणि खाली काही ओळ टाकू नका म्हणाली.

बर्फात फोटो काढू नयेत असं माझं म्हणणं नाही. ज्यांचं गाव बर्फात आहे, त्यांच्या लग्नात तो यावाच. पण आपल्याकडचा हिवाळा दव, धुकं, बंब आणि शेकोटी यांचा आहे. तो साधारण सकाळी नऊपर्यंत टिकतो, आणि नेमक्या त्या वेळी बहुतेक लग्नांत फोटोग्राफर लॉजवर झोपलेला असतो, कारण त्याला बोलावलेलं असतं साडेअकराला. तेव्हा हिवाळ्यात घरी लग्न असेल तर एवढं करा. दूरच्या बर्फासाठी बाजूला काढलेले पैसे जरा थांबवा, फोटोग्राफरला आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलवा, आणि पत्रिकेवरच्या मुहूर्ताबरोबर बंब किती वाजता पेटणार आहे तेही त्याला सांगून ठेवा.